साडेचाराचा दिलासा

हिंगोलीत भूकंपाला तोंड देणारी घरं हवीत कशाला, असं एक जाणते गृहस्थ ठणकावून सांगत असतात. इथले धक्के साडेचाराच्या वर जात नाहीत, खाली काळा पाषाण आहे, आजोबांचं दगडमातीचं घर शंभर वर्षं उभं आहे, आणि ज्याला एवढी भीती वाटते त्यानं आरसीसी बांधावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

साडेचाराची हमी त्यांना कुणी दिली? २१ मार्च २०२४ ला सकाळी जिल्हा हादरला, १० जुलैला पुन्हा. दोन्ही धक्के ४.५ चे. तेवढ्यानं ती कमाल मर्यादा ठरत नाही. किल्लारी परिसरातही १९९२ मध्ये लहान धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा बसला. साडेचाराच्या सुमारे साडेतीनशे पट ऊर्जेचा. हिंगोलीत तसंच होईल असं कुणी म्हणत नाही. होणारच नाही, हे मात्र हे गृहस्थ बिनदिक्कत म्हणतात. पांगरा शिंदेत वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज ऐकणाऱ्यांना त्यांनी हे जाऊन सांगावं.

पाषाणाचा मुद्दा तर १९६७ मध्ये त्याच काळ्या पाषाणावर झालेल्या कोयनेच्या भूकंपानंच निकालात काढला. तरीही दर पिढीत कुणीतरी तो नव्यानं मांडतंच!

पण खरी चीड येते ती आजोबांच्या घराची. ते उभं आहे, कारण त्याला अजून जबर हादरा बसलेला नाही. अशा घराची भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण आत दगडांचे दोन वेगळे थर आणि मधे चिपा नि माती. आरपार जाणारा लांब दगड नाही, कोपऱ्यात सांधा नाही. वर माळवदाची टनावारी माती. हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटतात आणि सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर येतं. किल्लारी-सास्तूरला अशीच माणसं गाडली गेली. जाडीला मजबुती समजण्याची किंमत मराठवाड्यानं हजारो जिवांनी मोजली आहे. तीच जाडी आज आपल्यालाच पुरावा म्हणून दाखवावी?

आरसीसीचं म्हणाल, तर कॉलमच्या रिंगा विरळ आणि त्यांची टोकं नीट आत वळवलेली नसतील, तर ते नावापुरतंच.

हवं ते अवघड नाही. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी, कोपऱ्यांत उभे गज, दगडी भिंतीत आरपार दगड, छत हलकं. मोठ्या धक्क्यात भिंतीला तडे जातील, पण घर कोसळणार नाही आणि माणसं बाहेर पडतील. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवरच मिळतात. पट्टीतले गज काँक्रीट ओतण्याआधी अभियंत्यानं पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. कळमनुरी, वसमत आणि औंढा तालुक्यांत हे येत्या बांधकामापासूनच सुरू व्हायला हवं.