घाम तोच, हिशेब वेगळा

‘खेड्यातल्या बायकांना कशाला हवा व्यायाम? त्या तर दिवसभर राबतात!’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा.

बँकेत असताना बचत गटांच्या कर्जांच्या निमित्तानं मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले पाडे पुष्कळ हिंडले. तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापुरातली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही तिथलेच. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, कमरेवर कळशी. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोंचं ओझं. पावसाळ्यात भातलावणीला दिवसभर चिखलात ओणवं. कर्जाची कागदपत्रं आटोपली, की चाळिशी उलटलेल्या बायका हळूच सांगायच्या, ‘बाई, पाळी मागंपुढं होते, अंगातून वाफा निघतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.’

या वयात अंडाशयाचं काम मंदावतं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच वाढवून अंडाशयाला जणू हाका मारत राहते. व्यायामानं अंडाशय पुन्हा तरुण होत नाही. तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखत असतं. ते ओसरल्यावर चालणं आणि ताकदीचे व्यायाम हाडं व स्नायू सांभाळतात. पाळी गेल्यानंतरचं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, आणि ते जास्त असलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून बैठं काम करणाऱ्या बाईनं वजन आटोक्यात ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत.

मग हंडा वाहणं हा व्यायामच नाही का? व्यायामात श्रमानंतर अन्न आणि विश्रांती गृहीत असते. त्या दोन्ही वेळांत शरीर डागडुजी करतं. पोटात कमी आणि कष्ट जास्त असतील, तर मेंदू अंडाशयाकडे जाणारे संदेशच आवरते घेतो. तरुण वयातही पाळी चुकते, इस्ट्रोजेन घटतं. हाडांची ठेव साधारण तिशीपर्यंतच साठते. पुढं खातं फक्त उतरत जातं, पाळी गेल्यावर अधिक वेगानं. मुळात शिल्लकच तुटपुंजी असेल, तर उतारवयात मोडलेलं मनगट किंवा खुबा परवडायचा कसा?

तेव्हा शहरातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही रोज चाला, थोडी वजनंही उचला. पाड्यावरच्या बाईला मात्र दाराशी नळ, ताटात डाळ-अंडं आणि दुपारी घटकाभर आडवं होण्याची मुभा हवी. आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासलं जावं. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर घरच्यांनी ‘वयाचंच आहे’ म्हणून तिला गप्प बसवू नये, डॉक्टरांकडे न्यावं. आणि तोवर तिच्या डोक्यावरचा एक हंडा घरातल्या पुरुषानं उचलायला काय हरकत आहे?