सही आपली, संमती कोणाची?



‘मेगा प्रकल्प नकोत’ ही घोषणा गोव्याच्या गावांत आता जुनी झाली आहे. २००६ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ने शेते, डोंगर, बागायती बांधकामाला मोकळ्या करायला घेतल्या, तेव्हा ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. सासष्टीतल्या कार्मोणा गावानेही मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली. तरी दार पुन्हा उघडलेच. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले आणि आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. पण त्याआधीच, २०२४ मध्ये, झोनबदलाची आणखी एक वाट ३९-अ या कलमाने करून दिली होती.

हा विरोध मला मनापासून पटतो. भात कापल्यावर त्याच शेतात मिरची, वांगी, तांबडी भाजी लावते कोण? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती विकायला बसते कोण? गटारयोजना नसलेल्या गावात शेकडो फ्लॅट उभे राहिले आणि विहीर आटली किंवा नासली, तर टँकरची वाट पाहत दारात थांबणार कोण? शेत विकल्याचे पैसे एकदा येतात, बहुधा नवऱ्याच्या हातात. बाईची रोजची मिळकत मात्र कायमची जाते.

पण या लढ्याला मला एक प्रश्न विचारायचा आहे. पोलीस आले की बायका पुढे, आणि बोलणी सुरू झाली की पुरुष पुढे, हे किती दिवस चालायचे? कोमुनिदादीचे गांवकार परंपरेने पुरुषच. ग्रामसभा भरते बहुधा रविवारी सकाळी, नेमकी चूल पेटलेली असते तेव्हा. मग ‘गावाने ठरवले’ म्हणजे नेमके कोणी ठरवले?

आणि तरीही आपल्या हातात एक हत्यार आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या गोव्याच्या कुटुंबकायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असते. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलींनाही मुलांइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात बाईच्या नावावर जमीन व्हावी म्हणून शेतकरी संघटनेला ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढावी लागली. आपल्याकडे कायदाच सही मागतो! पण ती सही होते कशी? कागद वाचून दाखवला जात नाही, बोट ठेवून ‘इथे कर’ म्हटले जाते. बहिणींकडून माहेरच्या मायेपोटी हक्कसोड लिहून घेतली जाते. गावातली किती शेते अशा मुक्या सह्यांनी गेली असतील?

आणखी एक सांगायला हवे. विरोध करताना ‘भायले नकोत’ ही भाषा आपण बोलू नये. त्याच इमारतीवर घमेली वाहणारी, पत्र्याच्या खोपीत लेकरू निजवणारी मजूर बाई आपली शत्रू नाही. भाड्याने खोली शोधणारी एकटी बाईही नाही. आपला विरोध घराला नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांपैकी एकाहून अधिक घर रिकामे आढळले होते. सुट्टीपुरते उघडणारे फ्लॅट वाढले म्हणून वेगळी चूल मांडू पाहणाऱ्या सुनेला किंवा नवऱ्याने टाकलेल्या बाईला छप्पर मिळत नाही. तिला परवडेल असे घर गावात हवे, हेही आपणच मागितले पाहिजे.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी वाड्यावाड्यांत बसू. कोणत्या सर्व्हे नंबरचा झोन बदलतो आहे ते एकमेकींना वाचून दाखवू. ठराव लिहून नेऊ आणि तो इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय उठायचे नाही. आणि घरात कागद पुढे आला, तर आधी वाचू, मग विचारू, आणि पटले नाही तर पेन खाली ठेवू.

जमीन वाचवायची तर ‘नाही’ म्हणण्याचा आपला हक्क आधी घरात वापरावा लागेल.