तक्रार ऐकणाऱ्याचा पगार कोणी द्यायचा?

१ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि राज्य सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. देशात बँकिंग लोकपालाची योजना सुरू झाली १९९५ साली. व्यापारी बँकेच्या खातेदाराला मिळालेली सोय शेतकऱ्याच्या बँकेपर्यंत पोचायला तीस वर्षे लागली. आता आली आहे तर वापरा. पीककर्जाच्या खात्यावर न सांगता आकार लावला, कर्ज फिटूनही बेबाकी दाखला दिला नाही, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

पण गावचा व्यवहार जिल्हा बँकेच्या शाखेत संपत नाही. खाली विकास सोसायटी आहे, शेजारी पतसंस्था आहे. या दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेबाहेर. बहुराज्य संस्थांच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि त्यांच्या सभासदांसाठी सहकारी लोकपालाची तरतूद आली. राज्यात नोंदलेल्या पतसंस्थेच्या सभासदाला तीही नाही. एकाच पेठेत दोन पाट्या शेजारी शेजारी. एकीच्या ठेवीदाराला दाद आहे, दुसरीच्याला नाही!

संस्थेची बाजू मात्र बळकट आहे. थकबाकी झाली की कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. त्यावर फेरतपासणी मागायची तर कलम १५४ म्हणते, वसुलीची निम्मी रक्कम आधी भरा. हिशेबच चुकीचा आहे अशी ज्याची तक्रार, त्याने त्याच हिशेबाचे निम्मे पैसे आणायचे कोठून? एरवीचा वाद सभासदाने कलम ९१ खाली सहकार न्यायालयात न्यायचा, तारखांमागून तारखा.

राज्यासाठी लोकपाल मागितला की पहिले उत्तर ठरलेले: संस्था लहान, खर्च परवडणार नाही. म्हणून दोन बेटांकडे बघू. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीतली जर्सी आणि गर्न्सी. दोन्हींची मिळून वस्ती पावणेदोन लाखांच्या आत. आपल्याकडचे अनेक तालुके याहून मोठे. एकेकट्याला लोकपाल परवडेना, तेव्हा दोघांनी आपापले कायदे केले, पण मंडळ एक आणि कार्यालय एक ठेवले. नोव्हेंबर २०१५ मध्ये काम सुरू झाले. दीड लाख पौंडांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे, आणि तक्रारदाराने निर्णय मान्य केला की तो कंपनीवर बंधनकारक होतो. खर्च वित्तसंस्थांकडून येतो: काही वार्षिक वर्गणीतून, काही प्रकरणागणिक फीतून. तक्रारदाराला एक पैसाही पडत नाही. मॉरिशसनेही २०१८ साली कायदा करून बँक असो वा बिगरबँक, तक्रारीचे दार एकच ठेवले.

पैसा कोठून येतो, यावर असे कार्यालय उभे राहते की पडते. रिझर्व्ह बँक २००६ पासून आपल्या लोकपालाचा सगळा खर्च स्वतः करते. तिला ते जमते. पतसंस्थांना अशी श्रीमंत आई नाही. सरकारी तिजोरीतून म्हणाल तर पहिल्या काटकसरीत कात्री इथेच लागेल, आणि सहकार खात्याचा एखादा अधिकारी जादा कामाची फाइल म्हणून हे सांभाळत बसेल. तेव्हा वर्गणी संस्थांचीच हवी, खेळत्या भांडवलाच्या प्रमाणात. त्यावर प्रकरणागणिक फी. ज्या संस्थेबद्दल तक्रारी जास्त तिने जास्त भरावे. तक्रार दारातच मिटवणे तिला स्वस्त पडावे. विकास सोसायटीला मात्र वर्षातली पहिली दोन-तीन प्रकरणे माफ असावीत. नाहीतर गावातल्या भाऊबंदकीत चार खोट्या तक्रारी ठोकून सोसायटी बुडवणारेही निघतील, ते आपल्याला ठाऊक आहेत.

वर्गणी संस्थांनी भरायची, पण लोकपाल नेमायचा अधिकार त्यांच्या फेडरेशनला नको, सहकारमंत्र्यालाही नको. पतसंस्थांचे संचालक आणि सत्तेतले पुढारी बहुतेक ठिकाणी एकच. नेमणूक न्यायालयीन अनुभवाच्या माणसाकडे असलेल्या समितीने करावी, मुदत ठरलेली असावी, मध्येच काढता येऊ नये.

एक गैरसमज आताच दूर केलेला बरा. संचालकांनी लुटून रिकाम्या केलेल्या पतसंस्थेतली ठेव लोकपाल परत आणू शकणार नाही. तिथे पैसाच उरलेला नसतो. ते काम चौकशीचे आणि संचालकांच्या मालमत्तेवर जप्तीचे. लोकपाल चालत्या संस्थेसाठी आहे: जादा व्याज, न मागता कापलेला विमा, जामीनदाराला न दिलेली नोटीस.

जिल्हा बैठकीला येताना अशा प्रकरणांचे कागद सोबत आणा. वसुली दाखल्याची प्रत, खातेउतारा आणि संस्थेला दिलेल्या अर्जाची पोच. पोच नसेल तर बैठकीआधीच अर्ज देऊन ती घ्या.