संशयाचा शेवट

जो डान्टे या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘द बर्ब्ज’ हा चित्रपट १९८९ साली आला. भय आणि विनोद यांची सरमिसळ असलेल्या या चित्रपटात टॉम हँक्सने रजेवर घरी बसलेल्या एका मध्यमवर्गीय गृहस्थाची भूमिका केली आहे. शेजारी राहावयास आलेले कुटुंब कोणाशी बोलत नाही, त्याच्या तळघरातून रात्री आवाज येतात, परसात खणणे चालते. एवढ्या भांडवलावर आळीतील मंडळी ‘हे खुनीच असले पाहिजेत’ असा निवाडा देऊन मोकळी होतात. त्यांच्या हेरगिरीत ते घरच स्फोटाने उद्ध्वस्त होते, आणि वेडे ते नव्हेत, आपणच आहोत, असे नायक संतापाने बोलून जातो.

चित्रपट येथेच संपता तर तो थोर ठरता. परंतु पुढे शेजाऱ्यांच्या मोटारीत हाडे सापडतात, संशय खरा ठरतो आणि प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी जातो. आमचा आक्षेप आहे तो या शेवटाला.

सोलापूर जिल्ह्याने संशयाचा खरा शेवट पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची मोबाइलवरून पसरलेली अफवा, एवढाच काय तो पुरावा! पुढे २०२४ मध्ये न्यायालयाने सात आरोपींना जन्मठेप सुनावली. परंतु गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

मुलांच्या काळजीपोटी मनात भय उपजणे स्वाभाविक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र भय वाटणे वेगळे आणि चौकशीविना निवाडा देणे वेगळे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा ज्या शहरात एका भिंतीआड नांदल्या, त्या सोलापुरास हा भेद सांगावा लागू नये. तथापि नव्या वसाहतींत दारे बंद राहू लागली आहेत आणि शेजाऱ्याची ओळख त्याच्या दारावरील पाटीपुरतीच उरली आहे. अपरिचिताला ‘आपण कुठले?’ असे विचारण्यास धैर्य फारसे लागत नाही. राईनपाड्यात हा प्रश्न विचारून उत्तरावर विश्वास ठेवला गेला असता, तर पाच संसार वाचले असते.