पास झालात? मग शिक्का कुठाय?

मुलांनो, निकालाच्या दिवशी शाळेत एकच वाक्य ऐकू येतं, ‘पास झालो, सुटलो!’ चौथीतली पोरं असं म्हणतात, आणि दहावीचे ताई-दादाही असंच म्हणतात. आज मी तुम्हाला अशा परीक्षेबद्दल सांगणार आहे, जी पास झाल्यावरही माणूस सुटत नाही.

ही परीक्षा आहे अमेरिकेतली. तिथे इंजिनिअरिंगची पदवी घेतली की नोकरी करता येते. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी इंजिनिअरांना आणखी काही लागतही नाही. पण पूल, धरण, शाळेची इमारत अशा लोकांच्या वापरातल्या कामाचे नकाशे स्वतःच्या सहीने द्यायचे, तर सरकारी परवाना हवा. तो मिळालेल्या माणसाला ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणतात. मग तो आपल्या नावापुढे ‘पी. ई.’ ही दोन अक्षरं लावतो.

त्यासाठी परीक्षा दोन. पहिली बहुतेक जण कॉलेज संपता संपता देतात. तिला ११० प्रश्न असतात. मग साधारण चार वर्षं अनुभवी, परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काम करायचं. दुसरी परीक्षा आपापल्या शाखेची. सिव्हिलची असेल तर ८० प्रश्न आणि वेळ चक्क ८ तास! काही राज्यांत ही दुसरी परीक्षा चार वर्षं पुरी होण्याआधीही देता येते.

समजा, एखादी ताई ही दुसरी परीक्षाही पास झाली. झाली का ती पी. ई.? छे! दुसऱ्या दिवशी तिने नकाशावर पी. ई. म्हणून सही ठोकली, तर तो कायद्याचा भंग ठरेल.

आधी तिला राज्याच्या परवाना मंडळाकडे अर्ज करावा लागतो. कुठे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि नेमकं काय केलं, सगळं लिहायचं. ‘पुलाच्या कामावर होते’ एवढं लिहून भागत नाही बरं का! कोणतं गणित तू मांडलंस, कोणता निर्णय तू घेतलास, हे सांगावं लागतं. ते खरं आहे, असं तिच्या वरिष्ठांनी लिहून द्यायचं. अनेक राज्यांत पाच जणांची शिफारस लागते आणि त्यांतले तीन तरी स्वतः पी. ई. असावे लागतात. कधी कोर्टात शिक्षा झाली आहे का, हेही विचारतात. कॅलिफोर्नियात भूकंप फार, म्हणून तिथल्या सिव्हिल इंजिनिअरला भूकंपाची आणि जमीनमोजणीची अशा आणखी दोन परीक्षा असतात. टेक्सासमध्ये कायदा आणि सचोटी यांवर वेगळी परीक्षा असते.

मंडळाचं समाधान झालं की परवान्याचा नंबर मिळतो. मग ती आपल्या नावाचा आणि नंबरचा शिक्का बनवून घेते. हा परवाना त्या राज्यापुरताच. शेजारच्या राज्यात काम करायचं तर तिथे पुन्हा अर्ज!

तुम्ही म्हणाल, ‘बाई, एवढा खटाटोप कशाला? मार्क तर मिळाले ना!’

याचं उत्तर जुन्या घटनांत आहे. वायोमिंग हे अमेरिकेतलं कोरडं राज्य. तिथे नदीचं पाणी शेताला घ्यायचं, तर नकाशा जोडून अर्ज करावा लागे. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या लक्षात आलं, की हे नकाशे कोणीही काढतंय! वकील, नोटरी, जो तो इंजिनिअर म्हणून सही करतोय. नकाशा चुकला की पाण्यावरून भांडण ठरलेलं. म्हणून १९०७ साली वायोमिंगने अमेरिकेतला इंजिनिअरांच्या परवान्याचा पहिला कायदा केला.

दुसरी घटना फार दुःखाची आहे. १८ मार्च १९३७. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा. शाळा सुटायला काही मिनिटं उरली होती. पैसे वाचावेत म्हणून शाळेने तेलविहिरींतून निघणारा स्वस्त गॅस इमारत गरम ठेवण्यासाठी घेतला होता. तो गळून जमिनीखालच्या पोकळीत साठला. गॅसला वास नव्हता, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. कार्यशाळेत विजेच्या यंत्राचं बटण दाबलं, ठिणगी उडाली आणि इमारत कोसळली. सुमारे ३०० जण गेले. बहुतेक सगळी तुमच्यासारखी शाळकरी मुलं.

त्याच वर्षी टेक्सासने दोन कायदे केले. एक, गॅसला वास असलाच पाहिजे. आपल्या घरच्या सिलिंडरच्या गॅसलाही मुद्दाम वास मिसळलेला असतो, तो याचसाठी, गळती लगेच कळावी म्हणून. आणि दुसरा कायदा, परवान्याशिवाय कोणी इंजिनिअर म्हणून लोकांची कामं करायची नाहीत.

बरं, परवाना मिळाला म्हणजे तरी सुटका झाली का? १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीमधल्या एका हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी पूल, एकाखाली एक, कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेले लांब गज दोन्ही पुलांचं वजन पेलणार होते. पुढे बदल झाला आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला. तुम्ही दोरीचा मल्लखांब पाहिलाय ना? दोन मुलांनी एकच दोरी धरली, तर प्रत्येकाचे हात आपापलं वजन पेलतात. पण खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर? वरच्याच्या हातांवर दोघांचं वजन! तसंच झालं. हा बदल कोणी बारकाईने तपासलाच नाही. चौकशीनंतर जबाबदार ठरलेल्या दोन इंजिनिअरांचे परवाने काढून घेण्यात आले.

ते दोघंही परीक्षा पास झालेलेच होते, मुलांनो! परीक्षा एवढंच सांगते, की याला हे येतं. शिक्का सांगतो, की हे मी तपासलंय, आणि काही झालं तर मी उत्तर देईन.

आपल्याकडेही थोडंफार असंच आहे. डॉक्टरांना पदवीनंतर वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करावी लागते, वकिलांना सनद घ्यावी लागते. इंजिनिअरांसाठी देशभर एकच परवाना नाही, पण मोठ्या शहरांत इमारतीच्या मजबुतीच्या कागदांवर महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते.

पालकांनो, मूल शाळेतून आलं की आपण पटकन विचारतो, ‘किती मार्क पडले?’ कधीतरी असंही विचारून बघा, ‘तू केलेलं काम तूच पुन्हा तपासलंस का?’ उद्या आपलंच पोर कुणाच्या तरी छपराखाली सही करणार आहे.

आणि मुलांनो, तुम्हाला या आठवड्याचा गृहपाठ. जवळपास नवी इमारत उभी राहत असेल, तर रस्त्यावरूनच तिथला फलक वाचा. बिल्डरचं नाव मोठ्या अक्षरांत असेल. खाली बारीक अक्षरांत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव आहे का, ते शोधा आणि वहीत लिहून आणा. ती इमारत उभी राहील याची हमी ज्यांनी सहीने दिली, त्यांचं ते नाव आहे.