घरचा फोन काढा, पण पेढीचा नंबर सांभाळा

घरात टेलिफोन असणे ही एके काळी ऐपतीची निशाणी होती. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत आगाऊ रक्कम भरणाऱ्यालाही थांबणे भाग होते. 31 जुलै 1995 रोजी देशात मोबाईल सुरू झाला, 2003 च्या मे महिन्यापासून येणारे कॉल मोफत झाले आणि तारेच्या फोनची गरज कमी होत गेली. आज आपल्या अनेक व्यापारी बांधवांनी तो काढून टाकला आहे. त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की, त्याच्या जागी आपण काय आणले?

आमचा कापडाचा धंदा शब्दावर चालतो. पार्टी कितीही दूरची असो, फोनवर भाव ठरतो, माल निघतो, पैसे नंतर येतात. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने फोन बंद करून सर्व पार्ट्यांना मुनीमजींचा मोबाईल नंबर देऊन टाकला. दोन वर्षांनी मुनीमजी दुसऱ्या पेढीवर गेले. सिम त्यांच्याच नावावर होते, ते त्यांच्याबरोबर गेले. जुन्या ऑर्डरी आणि वसुलीचे निरोप कित्येक महिने तिकडेच जात राहिले. मुनीमजींनी बेइमानी केली नाही. चूक मालकाची होती. वडिलांच्या काळापासून बिलबुकावर छापलेला नंबर ही पेढीची मिळकत असते, हे तो विसरला.

पर्याय आज तीन आहेत. पहिला, फायबरवरचा फोन. इंटरनेट आणि फोन एकाच तारेत येतात. अर्ज करताना जुना नंबर कायम राहील का, हे आधी विचारून घ्यावे. मात्र तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधून वीज मिळत असे, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चालू राही. फायबरचे यंत्र घरच्या विजेवर चालते. भारनियमनाच्या गावात त्याला छोटी बॅटरी जोडली नाही, तर दिवे गेले की फोनही गेला.

दुसरा, सिमवर चालणारा टेबलफोन. घरातील वृद्धांना, ज्यांना स्मार्टफोन जमत नाही, त्यांना हा सोयीचा. तिसरा, मोबाईलवरच वायफाय कॉलिंग. जाड भिंतींच्या गोदामात सिग्नल मिळत नसेल, तेथे याचा उपयोग होतो.

पर्याय कोणताही घ्या, सिम मालकाच्या किंवा पेढीच्या नावावरच असावे. एका व्यक्तीला नऊ सिमपर्यंत मुभा आहे, तेव्हा सबब उरत नाही. 2011 पासून मोबाईल नंबर न बदलता कंपनी बदलता येते. परंतु सिम पडून राहू देऊ नका. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही आणि खात्यात 20 रुपयेही शिल्लक नसतील, तर तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील, तर नुकसानीचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आणखी एक गोष्ट. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने केली आहे (सूरह बकरा, आयत 282). टेलिफोनच्या जमान्यात आपण तोंडी सौद्याची सवय लावून घेतली. आता बोलणे झाल्यावर भाव, मीटर आणि मुदत लिहून मोबाईलवर पाठवायला एक मिनिट लागते. निम्मे तंटे तेथेच मिटतील.

फोन यंत्र आहे, ते बदलत राहणार. ग्राहकाचा विश्वास ही अमानत आहे. ती नोकराच्या खिशात ठेवून मालकाने निश्चिंत झोपू नये.