वय वाढते, शर्यत सुधारते!

‘आता वय झालं, जरा बसा.’ आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाला सर्वांत सहज मिळणारे औषध हेच. घरचे ते प्रेमाने देतात, शेजारी काळजीने देतात. मुलगा हातातली पिशवी काढून घेतो, सून म्हणते जिना चढू नका. माणूस मग खरोखरच बसतो. बसला की वजन वाढते, साखर वाढते, गुडघे आखडतात आणि सगळे म्हणतात, ‘बघा, वय झालं की नाही!’

गेली चाळीस वर्षे मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हे औषध चुकीचे आहे. वय झाल्यावर माणूस हळू होतो हे खरे. पण हळू होणे आणि कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझेच उदाहरण घ्या. पस्तिसाव्या वर्षी दहा किलोमीटरला मला 42 मिनिटे लागत. आज सहासष्टाव्या वर्षी 51 लागतात. घड्याळ म्हणते, गृहस्थ नऊ मिनिटांनी मागे पडले. परंतु ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये जगभर दुसरा हिशेबही करतात. तेथे वयाच्या पस्तिशीपासून दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. शिवाय वयानुसार तक्ते तयार केलेले आहेत. त्या वयाच्या स्त्रीने किंवा पुरुषाने जास्तीत जास्त किती वेगाने धावावे याचे एक प्रमाण धरतात आणि आपली वेळ त्याच्या किती टक्के भरते ते काढतात. या हिशेबाने माझी आजची टक्केवारी पस्तिशीपेक्षा किंचित वर आहे. म्हणजे वयाच्या मानाने मी आज अधिक चांगला धावतो!

काय घटते, काय वाढते?

तिशीनंतर हृदयाचे कमाल ठोके कमी होत जातात, स्नायू घटतात. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते. मात्र नेटाने व्यायाम चालू ठेवणाऱ्यात ही घट जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. ज्याला आपण ‘वय’ म्हणतो, त्यातला बराच भाग वयाचा नसून बसण्याचा असतो.

वाढते ती समज. आपले राजापूर अर्जुना आणि कोदवलीच्या काठी खोलगटात वसलेले. कोणत्याही दिशेला बाहेर पडा, चढ चुकत नाही. तरुण मुले तो चढ दामटून घेतात आणि वर पोहोचल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहतात. मुरलेला धावपटू चढावर पावले लहान करतो, श्वास बिघडू देत नाही आणि सपाटीवर शांतपणे पुढे निघून जातो. लांब पल्ल्याची शर्यत पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जिंकता येत नाही. हरता मात्र येते. हे शहाणपण वर्षांनीच येते.

काही मोठी उदाहरणे

पोर्तुगालचे कार्लोस लोपेस यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकली तेव्हा ते 37 वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, 38 व्या वर्षी, त्यांनी 2 तास 7 मिनिटे 12 सेकंदांचा जागतिक विक्रम केला.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांची गोष्ट त्याहून विलक्षण. घराजवळच्या दफनभूमीत तासन्‌तास फेऱ्या मारणे हा त्यांचा सराव. 2003 मध्ये 72 व्या वर्षी त्यांनी 2 तास 59 मिनिटे 10 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी 2 तास 54 मिनिटे 48 सेकंदांत. एक वर्षाने म्हातारे झाले आणि चार मिनिटांनी वेगवान! आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. ती शर्यत आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर लांब होती, हे खरे. तरी ऑलिंपिकवीराच्या वेळेच्या इतक्या जवळ 73 वर्षांचे आजोबा पोहोचतात, याचा विचार करा.

पंजाबचे फौजासिंग यांनी 2000 साली लंडनला पहिली मॅरेथॉन केली, 6 तास 54 मिनिटांत. 2003 मध्ये टोरांटोला त्यांना 5 तास 40 मिनिटे लागली. पासपोर्टवरील जन्मतारखेप्रमाणे ते तेव्हा अनुक्रमे 89 आणि 92 वर्षांचे होते. जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकाने त्यांची नोंद घेतली नाही; पण धावलेले अंतर काही खोटे होत नाही.

गुडघ्यांचे काय?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. 2017 साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी सुमारे साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याची वा खुब्याची झीज आढळली. न धावणाऱ्या बैठ्या लोकांत ती दहा टक्के होती. अतिरेकी स्पर्धात्मक धावणाऱ्यांत मात्र तेरा टक्क्यांवर होती. अर्थ स्पष्ट आहे: बेताने धावा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1984 पासून पन्नाशीपुढच्या धावपटूंवर लक्ष ठेवले. एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांतील 15 टक्के, तर न धावणाऱ्यांतील 34 टक्के लोक मृत्यू पावले होते. धावणारे मुळातच थोडे अधिक निरोगी असतील, हे मान्य. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

सुरुवात कशी करावी?

चाळिशीपुढे नव्याने सुरू करणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर तपासून घ्यावी; त्यांनी सांगितल्यास कार्डिओग्राम काढावा. छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी.

पहिले दोन महिने फक्त चालावे. नंतर चालता चालता एखादे मिनिट धावावे. शेजाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम हवा. पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही हवेत. त्यासाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हा साधा प्रकार पुरतो. उतारवयात स्नायू भरून यायला वेळ लागतो, म्हणून दोन धावांमध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी. खाण्यात कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, बांगडा असला म्हणजे महागड्या पावडरींची गरज नाही.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. तेव्हा घरातला जिना बरा. महामार्गावर धावू नये. गावातल्या रस्त्यावरही समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिक्या रंगाचे कपडे घालून जावे. फौजासिंग यांना 2025 मध्ये 114 व्या वर्षी मृत्यू आला तो आजाराने नव्हे, गावाजवळ चालताना वाहनाची धडक बसून.

एक मागणी

आता थोडे परखड. आपल्याकडे गावोगावी 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला, उत्सवात धावण्याच्या शर्यती होतात. बहुतेक ठिकाणी शाळांचे गट आणि एक खुला गट, एवढेच. मुंबई मॅरेथॉनमध्ये वयोगटानुसार बक्षिसे असतात. मग आपल्या तालुक्यात पन्नाशीपुढचा आणि साठीपुढचा गट का नसावा? स्त्रियांचा वेगळा असावा, कारण पाळी गेल्यानंतर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि ‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणून त्यांनाच सर्वांत आधी बसवले जाते. मोठे बक्षीस नको. एक कागदी प्रमाणपत्र आणि माईकवर नाव पुकारले तरी खूप झाले. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी तयारी करणारी आजी किंवा आजोबा वर्षभर औषधाच्या दुकानात कमी दिसतील.

आयोजकांनी एवढे करावे. आणि घरच्यांनी ‘बसा’ म्हणण्याऐवजी पायताण पुढे करून ‘चला, फिरून येऊ’ म्हणावे.